2009 मध्ये अमेरिकी सरकारने जनरल मोटर्स वाचवली म्हणतात, मग तिची दिवाळखोरी कशी निघाली? आणि 2010 मध्येच सगळं कर्ज फिटल्याचं वाचलं, ते खरं का?

जुनी जनरल मोटर्स सरकारने बुडू दिली. तिच्यातला चालता धंदा विकत घ्यायला नवी कंपनी उभी केली आणि पैसा तिच्यात घातला. हे ध्यानात ठेवलं की पुढचा हिशोब सरळ लागतो.

डिसेंबर 2008 मध्ये मदतीचं विधेयक सिनेटमध्ये अडकलं. तेव्हा बुश सरकारने बँकांसाठी मंजूर झालेल्या निधीतून जनरल मोटर्सला 13.4 अब्ज आणि क्रायस्लर या दुसऱ्या मोटार कंपनीला 4 अब्ज डॉलर कर्ज दिलं. त्यावर जेमतेम काही महिने निघाले. मार्च 2009 मध्ये ओबामा सरकारने कंपनीचा आराखडा फेटाळला, प्रमुख रिक वॅगनर यांना पायउतार व्हावं लागलं आणि 1 जूनला दिवाळखोरीचा अर्ज गेला. मालमत्ता सुमारे 82 अब्ज, देणी सुमारे 173 अब्ज.

दिवाळखोरीतल्या कारखान्यालाही पगार, पोलाद, वीज यांचे पैसे रोख मोजावे लागतात. एरवी त्यासाठी बँका कर्ज देतात, कारण त्याची वसुली जुन्या धनकोंच्या आधी होते. 2009 मध्ये बँकाच गळाठल्या होत्या. म्हणून सरकारने 30.1 अब्ज घातले. तसं केलं नसतं तर कारखाने भंगाराच्या भावात गेले असते आणि सुट्या भागांचे पुरवठादारही कोलमडले असते. जो कारखाना जनरल मोटर्सला सीट किंवा वायरिंग पुरवतो, तोच अनेकदा फोर्डलाही पुरवतो. तो बंद पडला की फोर्डची लाइन थांबते. म्हणूनच फोर्डचे प्रमुख अॅलन मुलाली यांनी फोर्डसाठी सरकारी पैसे न घेता संसदेसमोर प्रतिस्पर्ध्यांच्या मदतीची बाजू मांडली.

दिवाळखोरी कायद्याच्या कलम 363 खाली न्यायालयाच्या परवानगीने चांगली मालमत्ता जुन्या देण्यांपासून मोकळी करून विकता येते. 10 जुलैला, म्हणजे चाळीसेक दिवसांत, व्यवहार उरकला. नव्या कंपनीत अमेरिकी सरकारला 60.8 टक्के वाटा, निवृत्त कामगारांच्या आरोग्य निधीला 17.5, कॅनडा आणि ऑन्टारियोला 11.7, आणि सुमारे 27 अब्जांचे रोखे धरून बसलेल्यांना 10 टक्के. जुने भागधारक साफ बुडाले. बंद कारखाने आणि प्रदूषित जमिनी जुन्या कंपनीकडेच राहिल्या. या ‘मोकळ्या’ विक्रीची सगळ्यात वाईट बाजू 2014 मध्ये उघडी पडली. जुन्या गाड्यांच्या सदोष इग्निशन स्विचमुळे (किल्ली फिरवून गाडी चालू-बंद करायचा स्विच) माणसं दगावली होती, आणि नवी कंपनी ‘ती देणी आमची नाहीत’ म्हणत होती. 2016 मध्ये अपील न्यायालयाने ते मानलं नाही, कारण त्या ग्राहकांना विक्रीआधी दोषाची कल्पनाच दिली नव्हती. माझ्या मते हा निकाल अगदी योग्य होता.

आता पैशांचं. सरकारने जनरल मोटर्समध्ये एकूण 49.5 अब्ज घातले. त्यातले फक्त 6.7 अब्ज नव्या कंपनीच्या नावे कर्ज म्हणून उरले, आणि 2.1 अब्ज प्राधान्य समभागांत (ज्यांना लाभांश आधी मिळतो) गेले. एप्रिल 2010 मध्ये ‘मुदतीआधी पूर्ण फेड’ अशी जाहिरात झाली ती या 6.7 अब्जांची. तीही सरकारनेच दिलेल्या आणि वेगळ्या खात्यात ठेवलेल्या रकमेतून! ही करदात्यांची दिशाभूलच होती.

उरलेल्या जवळपास 40.7 अब्जांच्या बदल्यात सरकारकडे सुमारे 91.2 कोटी समभाग होते. भागाकार केला तर मुद्दल निघायला प्रत्येकी साधारण 44 ते 45 डॉलर हवेत. नोव्हेंबर 2010 च्या आयपीओत, म्हणजे समभागांच्या पहिल्या जाहीर विक्रीत, भाव मिळाला 33. डिसेंबर 2012 मध्ये कंपनीने 20 कोटी समभाग 27.50 ने परत घेतले. शेवटचे समभाग 9 डिसेंबर 2013 ला विकले गेले तेव्हा सगळे मिळून सुमारे 39 अब्ज वसूल झाले होते आणि सुमारे 10.5 अब्ज बुडाले होते.