आधी वाद्य लाव, मग सौदा कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दोन बास गिटारांची छायाचित्रे, दोघांच्या किमती, वर द्यायची रक्कम आणि "काका, देऊ का बदलून?" हा प्रश्न, एवढेच त्यात होते. गेल्या दोन वर्षांत तुझ्या हातून तीन बास गेले आणि आता चौथ्याच्या बदल्यात पाच तारांचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पाचवा दारात उभा आहे. तू ठेक्याला पक्की आहेस आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मनापासून वाजवतेस, त्याबद्दल मी कागद खर्च करणार नाही. बास बदलण्याची म्हणून तू जी तीन कारणे दिली आहेस, त्यांबद्दल मला बोलायचे आहे. पहिल्या फ्रेटवरचा, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातुपट्टीवरचा, एफ सुरात लागत नाही, पावसाळा सुरू झाल्यापासून तारा खरखरतात आणि बँड भरात आला की तुझा बास ऐकूच येत नाही. या तिन्ही तक्रारी न केलेल्या सेटअपच्या, म्हणजे वाद्य नीट न लावल्याच्या, आहेत आणि त्यांची शिक्षा तू त्या बिचाऱ्या बासला देते आहेस. म्हणून उत्तर आधीच लिहून टाकतो: आधी वाद्य लाव, मग सौदा कर.

पहिल्या फ्रेटच्या एफपासून सुरुवात करू. मोकळी ई तार तू ट्यूनरवर अचूक मिळवतेस, पण पहिल्या फ्रेटवर बोट ठेवले की सूर चढतो आणि वरच्या फ्रेटवर मात्र सगळे ठीक वाटते. याचा अर्थ नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ आहेत. तार नटवर गरजेपेक्षा उंच बसली, की पहिल्या फ्रेटपर्यंत दाबताना ती ताणली जाते आणि ताणलेली तार चढी बोलते. याची पारख घरबसल्या होते. ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धर आणि पहिल्या फ्रेटच्या वर तारेखाली किती फट उरते ते उजेडाकडे धरून पाहा. तिथे कागदाच्या जाडीइतकी फट पुरते. तुझ्या बासवर ती बरीच जास्त निघेल असे मला वाटते, कारण स्वस्त बासचे नट कारखान्यातून अनेकदा उंचच येतात. उंच नट खाली आणता येतो, पण खोल गेलेली खाच भरून काढणे जिकिरीचे असते. हे काम मात्र पहिल्या वेळी एकटीने करू नकोस. त्याला तारेच्या जाडीची कानस लागते, खाचेचा उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवावा लागतो आणि एक घासणी जास्त झाली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणू लागते. माझ्याकडे कानशी आहेत, आपण ते मिळून करू.

खरखरीचे कारण आपल्या हवेत आहे. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात आकसलेले लाकूड जुलैत ओल धरते आणि नेकचा, म्हणजे मानेचा, बाक बदलतो. तो कोणत्या बाजूला बदलेल हे त्या त्या लाकडावर असते, त्यामुळे नेकच्या आतली बाक सांभाळणारी सळई, म्हणजे ट्रस रॉड, अंदाजाने फिरवू नये. आधी चारही तारा सुरात मिळव. मग ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहा. साधारण 0.3 मिलिमीटर, म्हणजे जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट तिथे हवी. फट मुळीच नसेल आणि खरखर पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल, तर रॉड जरा सैल करायचा. फट मोठी असेल तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. नंतर पुन्हा सूर मिळवायचा, रात्रभर थांबायचे आणि सकाळी पुन्हा बघायचे. रॉडची चावी मिलिमीटरची की इंचाची याची खात्री करून घे, कारण जवळपास बसणारी चुकीची चावी रॉडच्या टोकाच्या कडा खाऊन टाकते आणि मग पाव फेऱ्याचे काम हजारोंत जाते. तू आतापर्यंत एकदाही ही चावी हातात घेतलेली नाहीस आणि नेक वाकडा आहे असे मात्र ठामपणे लिहितेस, याचा मला खरोखर राग आला.

तिसरी तक्रार आवाजाची. तुझा बास जॅझ पद्धतीचा आहे, त्याला तारांची कंपने टिपणारे दोन पिकअप आणि त्यांचे दोन वेगळे व्हॉल्यूम आहेत. दोन्ही पूर्ण उघडले की गुणगुण कमी होते, पण मधल्या पट्टीतला काही आवाज परस्परांत विरतो. त्यात तू घरी एकटीने सराव करताना खालची आणि वरची (ट्रेबल) पट्टी वाढवून मधली, म्हणजे मिड, खाली आणतेस. खोलीत ते फार छान वाटते आणि मंडपात ढोलकी, कीबोर्ड व दोन गायक सुरू झाले की नेमके तेच हरवते. मोकळी ई तार सेकंदाला साधारण 41 कंपने करते. आपल्या कार्यक्रमांतले स्पीकर तो मूळ स्वर नीट देतच नाहीत. श्रोत्याचा कान 82, 123 आणि त्यापुढच्या कंपनांच्या उपस्वरांवरून तो ओळखतो. पाचव्या बी तारेचा मूळ स्वर तर 31 च्या आत आहे. म्हणजे जो भाग आत्ताच पोचत नाही, त्याच्याही खालचा भाग विकत घ्यायला तू वर पैसे देते आहेस. त्याऐवजी एका पिकअपचा व्हॉल्यूम किंचित उतरव, मिड वर आण, तारा नव्या घाल आणि साउंडवाल्याला बासमधून खालचे सगळे कापू नका एवढे सांग. मग ऐक. आधी वाद्य लाव.

हे मी पुन्हा पुन्हा का बजावतो, ते सांगतो. मी कॉलेजात असताना आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका ज्येष्ठ वादकांकडे जपानी बनावटीचा फार गोड बास होता. एका वर्षी तो खरखरू लागला. ज्या दुकानात त्यांनी तो दाखवला तिथे "नेक गेला" एवढेच सांगण्यात आले आणि त्यांनी तो लाकडाच्या भावात देऊन टाकला. माझ्या खिशात तेवढेही पैसे नव्हते. पुढे तोच बास मी दुसऱ्या एका वाद्यवृंदात ऐकला, नेक तोच, पिकअप तेच, फक्त कोणीतरी ट्रस रॉड योग्य जागी आणून फ्रेट घासून घेतले होते. त्या काळी आमच्यापैकी कोणालाच हे ठाऊक नव्हते आणि विचारायला कोणी नव्हते, ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही. तुला मात्र विचारायला माणूस आहे आणि तू त्याला किमती पाठवतेस.

आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची नेमकी घडण, बिघडली तर गायक तंबोरा बदलत नाही, मिरजेच्या कारागिराकडून जवारी लावून घेतो. बासच्या बाबतीत हीच समज आपल्याला का नसावी? अमेरिकन वाद्यनिर्माता लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बास आणला तेव्हाच नेक चार स्क्रूंनी बसवला होता, तो काढता यावा, बदलता यावा म्हणून. 1960 च्या जॅझ बासचीही रचना तीच आहे. 34 इंचांची तारेची लांबी आजही बहुतेक बासवर तशीच आहे. उघडून दुरुस्त करण्यासाठीच रचलेले हे वाद्य आहे आणि ते न उघडताच विकणे मला पटत नाही.

फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली फळी, शिसवाचा नसून लॉरेलचा आहे, म्हणून बास हलक्या प्रतीचा असेही तू लिहिले आहेस. 2017 च्या सुरुवातीपासून शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची बंधने आली आणि कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी अनेक मॉडेलांवर लॉरेल टिकून राहिले. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. कोकणात त्याची तुळई घराचे छप्पर पेलते, तो तुझ्या वीस-एकवीस फ्रेटचा भार नक्की पेलेल. कोरडा दिसत असेल तर वर्षातून एक-दोनदा तेलाचे बोट फिरव आणि लगेच पुसून घे.

आता देवघेवीचे. मी बंद पडलेले बास घेतो, नीट करतो आणि देतो, हे तुला माहीत आहे. यात पैसा नाही. घासण्या-जोडण्यात गेलेले तास मोजले तर तोटाच आहे, आणि ज्याला त्या तासांत आनंद वाटत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. पण त्यातून मिळालेली नजर मात्र फार उपयोगी आहे. जुना बास घेताना आधी रंगाकडे पाहू नकोस. डोके खाली झुकवून तारांचे खालचे टोक जिथे बसते त्या ब्रिजपासून नेकच्या कडेवर नजर टाक. सरळ बाक रॉडने निघतो, पिळवटलेला नेक निघत नाही. खुंट्या असलेल्या हेडस्टॉकच्या मागे चीर आहे का ते पाहा. ट्रस रॉड आधीच पुरता आवळलेला असेल तर तो बास परत दे. प्रत्येक तारेवर प्रत्येक स्वर वाजव, एखादा स्वर मध्येच मरत असेल तर तो तुझ्या हाताला रोज खुपणार आहे. नॉब फिरवताना येणारी कुरकुर, सैल जॅक, गंजलेले सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) यांना घाबरू नकोस. 250 किलोओहमचे पॉट (नॉबखालचा भाग) आणि नवा जॅक लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतात आणि सोल्डरिंग तुला एका दुपारी शिकवता येईल. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजखालची अर्थिंगची वायर शाबूत आहे असे समज. उलट वाढली तर आतले जोड तपासायला हवेत. आणि मंडपात माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या, तर बास खाली ठेव आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव. तिथे गाण्याची घाई करायची नाही.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पाकिटात जपून ठेव आणि विकताना वाद्यासोबत दे. जुना रंग खरवडून नवा मारू नकोस, त्याने किंमत आणि वाद्याची ओळख दोन्ही जातात. दोष असेल तर घेणाऱ्याला आधी सांग. आपले वर्तुळ लहान आहे आणि विकलेला बास पुढच्याच गणपतीत शेजारच्या मंडपात भेटतो. तुझे आधीचे तीनही बास तू खरखरीसकट पुढे ढकललेस. घेणाऱ्यांनी ते नीट करून घेतले असतील, तर तुझे पैसे आणि त्यांचा आवाज, दोन्ही त्यांच्या पदरात पडले.

माझ्याबद्दल बँडमध्ये काय बोलले जाते ते माझ्या कानावर आहे. काकांचा एकच चार तारांचा बास, काका कंजूष, काका जुन्या वळणाचे. बोलोत. गायकाने डी पट्टी मागितली तर मी ई तार एक स्वर उतरवतो किंवा ती ओळ वरच्या सप्तकात घेतो आणि कोणाचे काही अडत नाही. या बासच्या कोणत्या फ्रेटवर कोणता स्वर किती रेंगाळतो, पहिल्या पावसात तो किती सरकतो, कुठल्या बोटाखाली तो जाड बोलतो, हे मला माहीत आहे, आणि ते माहीत व्हायला वर्षे जातात. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी बासवादक जेम्स जेमर्सनने वाजवलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी असंख्य ध्वनिमुद्रणांत 1962 चा एकच प्रिसिजन बास आहे, आणि त्यावरच्या तारा तुटल्याशिवाय तो बदलत नसे. नव्या तारा घाल असे तुला वर लिहिले, ते तू राउंडवाउंड, म्हणजे गोल वेढ्यांच्या, तारांचा चमकदार आवाज मागतेस म्हणून. त्याच्या तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेढ्यांच्या, होत्या आणि त्याला तो बोथट आवाजच हवा होता. त्याने वाद्य आपल्या हाताला लावून घेतले आणि मग हलला नाही. माझा हट्ट त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण त्या हट्टाला कंजुषी म्हणणे मला मान्य नाही. पाच तारांचा बास वाईट असतो असे मी कधी म्हटलेले नाही. तुमच्या बँडला खरोखर त्या खालच्या स्वरांची गाणी बसवायची असतील, तर तो जरूर घे. पण आत्ता तू तो एफ सुरात लागत नाही म्हणून घेते आहेस, आणि उंच नट असला तर त्या बासवरही एफ चढाच लागेल.

त्यातून तो अ‍ॅक्टिव्ह आहे. त्याची बॅटरी जॅकमध्ये केबल खोचली की सुरू होते आणि केबल दिवसेंदिवस तशीच खोचलेली ठेवलीस तर ती संपून जाईल. तुझ्या विसराळूपणाची मला माया आहे, पण भर कार्यक्रमात आवाज फुटायला लागल्यावर ती माया उपयोगाची नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना कळव की निर्णय कोजागिरीच्या कार्यक्रमानंतर सांगेन. ते थांबले नाहीत तर दुसरा कोणी भेटेल, पाच तारांचे बास संपत नाहीत. येत्या रविवारी सकाळी बास घेऊन ये. येताना 45 ते 105 मापाचा तारांचा संच आण आणि मूळच्या चाव्या सापडल्या तर त्याही आण. नट मी घासेन, पण ट्रस रॉड आणि सॅडल तूच फिरवायचे. सॅडलचे शेवटी: बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. चारही तारांचे झाले की जेवून जा. नंतर तीन कार्यक्रम त्याच बासवर वाजव, नॉबच्या जागा वहीत लिहून ठेव, आणि तरीही पाच तारा हव्याशा वाटल्या तर सौद्याला मी स्वतः तुझ्याबरोबर येईन आणि त्या बासचा नेक आधी मी पाहीन.

तुझा,
काका