नकाशात आईची खोली कुठली?

"आई हो म्हणाली होती. सगळ्यांसमोर म्हणाली होती. आता कंत्राटदार ठरला, त्याला ॲडव्हान्स दिला, आणि ती धड जेवत नाही. आमचं काय चुकलं?"

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. जुनं घर नव्यानं करायला काढलं की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कधी आईबद्दल, कधी सासऱ्यांबद्दल. या वेळी विचारणारा मुलगा पंचेचाळिशीचा होता. कृष्णाकाठच्या एका गावात त्यांचा जुना वाडा आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, चौऱ्याहत्तर वर्षांची आई तिथं एकटी. नवरा-बायको दोघांनाही आता घरून काम करता येत होतं, म्हणून मुलांना घेऊन गावीच राहायला जायचं ठरलं. हेतू चांगलाच होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी विचारलं, "हो म्हणाल्या म्हणजे नेमकं काय म्हणाल्या?"

तो आठवून म्हणाला, "तुम्हाला हवं तसं करा."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते आलं की मी थांबते. त्यात होकार नसतो. आपल्याला कुणी विचारणार नाही अशी खात्री पटलेलं माणूस असं बोलतं.

तरी सुरुवातीला मीही वेगळ्याच वाटेनं गेले. वडिलांच्या आठवणी त्या भिंतींमध्ये आहेत, त्या पाडायच्या म्हणून आईंना त्रास होतोय, असं मुलगा आणि सून सांगत होते आणि मलाही ते पटलं. दोन भेटी आम्ही त्या दुःखावरच बोललो. आई शांतपणे उत्तरं देत होत्या, पण चेहरा तसाच. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "आई, पहाटे उठल्यापासून तुमचा दिवस सांगा. कुठून कुठे जाता, तेही सांगा."

त्या एकदम बोलायला लागल्या. साडेचारला जाग येते. दिवा लावत नाहीत. माजघरातून निघायचं, डाव्या हाताला खांब लागला की उंबरठा आला, मग आणखी एक उंबरठा, मग परसात न्हाणीघर. चौकात तुळशीला पाणी. आणि नऊ वाजले की भाजीचं ताट घेऊन ओसरीवर. "तिथून येणारा-जाणारा दिसतो. काय काकू, झाला का चहा, असं कुणी ना कुणी विचारतंच." मग जरा थांबून म्हणाल्या, "नव्या घरात ओसरीला काचा आहेत. पुढं गाडी लागणार. आणि माझी खोलीच नाही."

मुलगा दचकला. "आई, खाली तुझीच खोली आहे की!"

झालं होतं असं की नकाशा इंग्रजीत होता. आईंनी तो नातीकडून वाचून घेतला होता. लिव्हिंग, ओपन किचन, मास्टर बेडरूम, किड्स रूम, गेस्ट रूम. "यातली माझी कुठली गं?" असं विचारल्यावर नात म्हणाली होती, "गेस्ट असेल." आर्किटेक्टनं सवयीनं लिहिलेला तो शब्द आईंनी महिनाभर कुणाला न सांगता मनात ठेवला होता. साठीच्या घरात पोचलेला संसार, आणि तिथं आपण पाहुणे. शिवाय काम चालू असताना त्यांना पुण्याच्या फ्लॅटवर न्यायचं ठरलं होतं. परत कधी आणणार, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या भेटीआधी मी एक काम दिलं. आईंनी वाड्यातून फिरायचं, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते बोलायचं; मुलानं वाद न घालता फक्त लिहायचं. ती यादी मला अजून आठवते. मुलाला जुनं जातं दिवाणखान्यात मांडायचं होतं, खाली दिवा वगैरे लावून. आई म्हणाल्या, "त्या जात्यावर माझे खांदे गेले. ते मला रोज समोर नको." बाळंतिणीची अंधारी खोली त्याला जशीच्या तशी जपायची होती. त्यांना तिथं आधी खिडकी पाडून हवी होती. कडीपाट, कोनाडे, माडीचा अरुंद जिना, कशातही त्यांचा जीव अडकला नव्हता. हवी होती ती उघडी ओसरी, तुळस आणि रात्री हाताला लागणारा तो खांब.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. मागच्या भिंतीला ओल कधीपासून येते? पांढऱ्या मातीच्या त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तेव्हापासून. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट बसलं की ती आतच कोंडते. कंत्राटदार पुन्हा सिमेंटच लावणार होता. गावातल्या जुन्या गवंड्यानंही आईंच्याच म्हणण्याला दुजोरा दिला आणि चुन्याचा गिलावा ठरला. त्या दिवसापासून आई जेवायला लागल्या, असं सुनेनं फोनवर सांगितलं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

मग कामाचा क्रम बदलला. आधी आईंच्या खोलीला लागून संडास-बाथरूम, आत आधाराचा दांडा, वाटेतले उंबरठे सपाट. कौलं उतरवायचं काम पावसाच्या आत संपेल असं बेतलं. तेवढे महिने आईंसाठी पुण्याऐवजी त्याच आळीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. वय झालेल्या माणसाला अनोळखी घरात रात्री दिशा कळेनाशी होते, विस्मरण असेल तर गोंधळ फार वाढतो. त्यामुळे घरात असं कुणी असेल तर हलवण्याआधी डॉक्टरांशी बोला, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते.

एक विषय मात्र मी माझ्याकडे ठेवला नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं आणि वारस नोंदही झाली नव्हती. सगळा खर्च मुलगा करणार, आणि बहिणीला कुणी विचारलेलं नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून कायद्यानं मानला आहे. विधवा पत्नीही वारस असतेच. "ताई काही मागणार नाही" या भरवशावर लाखो रुपये घालू नका, आधी वकिलाकडे बसा आणि कोण किती घालतंय ते लिहून ठेवा, असं मी स्पष्ट सांगितलं. मुलाला ते आवडलं नाही. पण भिंती नव्या झाल्यावर बोलणं तुटलेली भावंडं मी पाहिली आहेत.

सुधारलेला नकाशा मराठीत आला. नातीनं त्यावर ठळक लिहिलं होतं, 'आजीची खोली'. आईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "आजीची नको. माझं नाव घाल. घराच्या कागदावर ते कधी आलंच नाही."

मुलानं त्याच आठवड्यात वारस नोंदीचा अर्ज केला, आईचं आणि बहिणीचं नाव धरून. बहीण अजून नाराज आहे. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे येणार आहे, भावाबरोबर.