दंत महाविद्यालयाची पस्तीस वर्षांची इमारत पाडून नवी बांधावी, की दुरुस्त करून वाढवावी?

पाडू नका. आणि तिच्यावर मजलाही चढवू नका. बाजूला वाढा.

तुम्ही लिहिलंय की इमारत तळमजला अधिक एक अशी आहे, विटांच्या भिंतींवर उभी, खाली काळी माती. विद्यापीठाला पेशंटच्या उपचाराच्या खुर्च्या वाढवायच्या आहेत, आणि पंचक्रोशीत दुसरा दंत दवाखाना नसल्याने ओपीडी बंद ठेवता येत नाही. मी स्थापत्य अभियंता आहे, वर्धा-यवतमाळ पट्ट्यात कामं करतो. अशाच एका कॉलेजचं काम चालत्या ओपीडीत केलंय, त्यावरून सांगतो.

मजल्याचं आधी. तुमच्या इमारतीत कॉलम नाहीत, सगळा भार भिंती पेलतात. अशा बांधणीवर तिसरा स्लॅब टाकायला एखादा कंत्राटदार आनंदाने तयार होईल. त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. स्ट्रक्चरल ऑडिट मात्र करून घ्याच, आणि नुसत्या रिबाउंड हॅमरवर, म्हणजे काँक्रीट वरून ठोकून ताकद मापण्यावर, भागवू नका. स्लॅबचे कोअर, म्हणजे तपासायला गोल नमुने, काढा, संडासाखालचं आणि क्लिनिकच्या बेसिनखालचं प्लास्टर फोडून सळई बघा. जुन्या दवाखान्यांत गंज तिथेच भेटतो. बाकी स्लॅब बहुतेक वेळा ठीक असतो.

आता भिंतींतल्या तिरप्या भेगा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वर जाणारी भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटत येते, म्हणजे ती मातीची करणी आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये शेतातल्या भेगांत हात जातो, तीच माती इमारतीखाली आहे. ती पाण्याने फुगते, सुकली की आक्रसते. दंत कॉलेजात यात एक खास भर पडते. खुर्चीखालचा सांडपाण्याचा पाइप फरशीखाली गळत असला तर बाहेर रखरखीत ऊन असतानाही आतली माती ओली राहते, फुगते आणि फरशी उचलते. आमच्या कामात एका विभागात टाइल्स फुटल्या होत्या आणि दोन खुर्च्या एका अंगाला झुकल्या होत्या. कॉलेजने दोनदा टाइल्स बदलल्या, खुर्चीवाल्या मेकॅनिकला बोलावलं, पण खाली खणून कोणी बघितलं नव्हतं. खणल्यावर पाइपचा सांधा निखळलेला निघाला आणि भर मे महिन्यात हाताला चिखल लागला.

म्हणून पहिला पैसा दर्शनी भागावर, काचांवर, पोर्चवर जाऊ देऊ नका. तो फरशीखाली जाऊ द्या. प्रत्येक खुर्चीला दाबाची हवा, पाणी, तोंडातलं पाणी-थुंकी ओढून घेणारं सक्शन, सांडपाणी आणि वीज अशा पाच गोष्टी लागतात. जुन्या इमारतीत त्या सगळ्या काँक्रीटमध्ये गाडलेल्या असतात. नव्या कामात खुर्च्यांच्या रांगेखालून चॅनेल काढा आणि वर उचलता येतील अशी झाकणं ठेवा. तळमजल्यावर फरशीखालची काळी माती काढून मुरमाची भर करा, आणि इमारतीभोवती पक्कं प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे बाहेर उताराचा काँक्रीटचा पट्टा, घाला, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. बाजूच्या नव्या विंगला अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, पायाला घ्या. आपल्या मातीत ते साधारण साडेतीन मीटर तरी खाली जावे लागतात, तेवढ्या खोलीवर ओलाव्याचा चढउतार थांबतो. नवा स्लॅब जुन्या भिंतीत अडकवू नका. मध्ये एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे मोकळी फट, ठेवून दोन्ही इमारती वेगळ्या हलू द्या, जोडायला कॉरिडॉर पुरतो.

प्लास्टर रूमबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. विद्यार्थी दातांच्या मापांचे मॉडेल ओततात, वाट्या सिंकमध्ये धुतात आणि प्लास्टर पाइपात जाऊन तिथेच बसतं. आमच्याकडच्या प्लंबरने पाइप कापून दाखवला आणि म्हणाला, "पाइप तुंबला नाही सायेब, गोटा झाला त्याचा." खरंच, आत बोटभर भोक उरलं होतं. प्रत्येक सिंकखाली प्लास्टर अडवणारा डबा, म्हणजे प्लास्टर ट्रॅप, द्या आणि तो रिकामा करायला माणूस नेमून द्या, नाहीतर ट्रॅपचाही गोटा होईल. दातात चांदी भरण्याचं काम अजून चालत असेल तर त्या चांदीत पारा असतो, म्हणून त्या खुर्च्यांच्या सांडपाण्याला तो गाळून घेणारा अमाल्गम सेपरेटर लावा. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे आणि भारत त्यात आहे.

उन्हाळा हा आपल्याकडचा वेगळाच विषय आहे. पुण्या-मुंबईचे आर्किटेक्ट तो नकाशात धरत नाहीत. ४५ अंशांत मेणावर बसवलेले कवळीचे दात टेबलावरच सरकतात. दातांचं माप घ्यायची पेस्ट, अल्जिनेट, तोंडात जाण्याआधी वाटीतच घट्ट व्हायला लागतं, मग पोरं बर्फाचं पाणी शोधत फिरतात. लॅबमध्ये बर्नर चालू असतो म्हणून पंखा लावता येत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं की हँडपीसचा, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा, फवारा दात थंड करायचं सोडून गरम करतो. उपाय साधे आहेत. प्रोस्थो, म्हणजे कवळ्यांची, लॅब उत्तरेच्या बाजूला घ्या, तिला एसी द्या. क्लिनिकला पाणी गच्चीवरून न देता सावलीतल्या टाकीतून पंपाने द्या. खुर्च्यांना हवा देणारा कॉम्प्रेसर ऑइल-फ्री घ्या, त्याला एअर ड्रायर लावा आणि त्याची खोली गच्चीवर नको, खाली पूर्वेला, हवा खेळेल अशी बांधा. कूलर वेटिंग हॉलपुरते ठीक. क्लिनिकमध्ये त्यांची ओल आणि धूळ दोन्ही नकोत.

पाण्याचा रिपोर्ट आणा. आपल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि हँडपीसच्या बारीक नळ्यांत क्षार धरतो. क्लिनिकच्या लाइनला आरओ लागेल. त्याचं उरलेलं पाणी संडासाच्या फ्लशला वळवा, फुकट जाऊ देऊ नका. फ्लोराइडही बघून घ्या. यवतमाळ-चंद्रपूरकडे पिवळे, डागाळलेले दात घेऊन येणारी मुलं तुमच्या ओपीडीत असणारच.

विभागांची मांडणी ठरवताना पेशंट कोण आहे ते बघा. तो सकाळच्या एसटीने येतो आणि दुपारच्या एसटीने परत जातो. नोंदणी, तपासणी, एक्स-रे आणि दात काढणं या गोष्टी एका ओळीत, तळमजल्यावर हव्यात. कवळीसाठी येणारे आजी-आजोबाही खालीच. ऑर्थोची, म्हणजे दातांना तारा लावायला येणारी, पोरं जिने चढू शकतात, त्यांना वर न्या. आणि खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, विसरू नका. त्याने तोंड दोन बोटंही उघडत नाही अशी पंचविशीतली पोरं आपल्याकडे रोज येतात. तंबाखू सोडवण्याच्या समुपदेशनाला वरच्या मजल्यावरची टोकाची खोली दिली तर तिथे कोणी जात नाही. ती खोली नोंदणीच्या शेजारी, दार लागेल अशी द्या. बापासमोर कोणी "दिवसाला किती पुड्या" ते सांगत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा की आधी बाजूची विंग पूर्ण होईल, मग जुन्या इमारतीतले विभाग तिकडे हलतील, मग जुनी बाजू अर्धी-अर्धी रिकामी करून फोडता येईल. कॉम्प्रेसर आणि सक्शन पहिल्याच टप्प्यात पूर्ण क्षमतेचे घ्या. महावितरणकडे वाढीव लोडचा अर्ज पाया खणण्याआधी द्या, ट्रान्सफॉर्मरची वाट बघत तयार विंग कुलपात राहिलेली मी पाहिली आहे. खोदाई फेब्रुवारी ते मे. जूनमध्ये छत्तीसगडचे मजूर धानाच्या पेरणीला गावी जातात आणि कापूस वेचायला लागला की इथलेही महाग होतात. दंत शिक्षणाच्या नियामक संस्थेचं निरीक्षण मध्येच आलं तर खुर्च्या आणि विभाग मोजून दाखवावे लागतात, तेव्हा तात्पुरत्या जागांचा सहीशिक्क्याचा नकाशा तयार ठेवा.

दुसरा जिना, म्हणजे आगीत बाहेर पडायची दुसरी वाट, वाचवून खर्च कमी करायचा सल्ला कोणीतरी देईल. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या आगीत १० बाळं गेली. त्या सल्ल्यावर चर्चासुद्धा करू नका.

शेवटचं, निविदेचं. आधी खुर्चीचं मॉडेल पक्कं करा, मग प्लंबिंगची निविदा काढा. प्रत्येक कंपनीचा फ्लोअर बॉक्स, म्हणजे फरशीतले पाइप-वायर जोडायची पेटी, वेगळ्या जागी येतो. त्या जागा दाखवणारं कंपनीचं टेम्प्लेट साइटवर पोचेपर्यंत फरशीवाल्याला हात लावू देऊ नका, तो कितीही घाई करो.