आईची बोटं सकाळी तासभर आखडलेली असतात. वरूडकडच्या आमच्या गावात राहून लघवीच्या मेटाबोलाइट तपासणीतून (म्हणजे चयापचयातून तयार होणाऱ्या छोट्या रेणूंच्या तपासणीतून) संधिवात कळेल का?

नाही, या तपासणीवरून आमवाताचं, म्हणजे सांध्यांना दीर्घकाळ सूज आणणाऱ्या संधिवाताचं, निदान आज होत नाही. ती अजून संशोधनातच आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, म्हणून कारण सांगतो. दीर्घकाळ सूज असली की शरीराचा चयापचय बदलतो आणि त्याच्या खुणा लघवीत उतरतात. काही अभ्यासांत अशा रुग्णांच्या लघवीत सायट्रेट हा चयापचयातला एक पदार्थ कमी आढळला. २०१३ च्या एका अभ्यासात उपचारापूर्वीच्या लघवीवरून टीएनएफ-रोधक औषध (सूज वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला अडवणारं) कुणाला लागू पडेल याचा अंदाज घेतला गेला. सुई न टोचता हे जमलं तर खेड्यातल्या रुग्णांचं केवढं काम होईल!

पण अडचण आपल्याच ताटात आहे. संत्री खाल्ली की त्यांतलं प्रोलिन बीटेन हे रसायन लघवीत येतं, म्हणजे संत्र्यांच्या हंगामात वरूड-काटोलकडचे नमुने वेगळेच दिसणार. चहा, वेदनाशामक गोळ्या यांचाही परिणाम होतो. उन्हाळ्यात लघवी घट्ट होते, म्हणून आकडे क्रिएटिनिनशी (स्नायूंतून येणाऱ्या, लघवीतल्या एका टाकाऊ पदार्थाशी) ताडून बघावे लागतात.

सकाळी तासभर आखडणं मात्र अंगावर काढू नका. सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखवा आणि या रक्ततपासण्यांबद्दल विचारा:
- आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (आमवातात आढळणारी प्रतिपिंडं)
- ईएसआर, सीआरपी (शरीरात सूज किती आहे ते दाखवणाऱ्या)

एक अपवाद आहे: ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) शंका असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासावंच लागतं, कारण त्यात मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. ती साधी तपासणी आहे, मेटाबोलाइटची नव्हे.