लसूण घास वाळवताना पाला का झडतो?

प्रश्न : आमच्याकडे पाच संकरित गाई आणि अर्धा एकर लसूण घास (ल्युसर्न हे चारापीक) आहे. थंडीत घास उरतो, मे महिन्यात मात्र चारा विकत घ्यावा लागतो. गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये घास वाळवून ठेवला, पण उचलताना पाला झडला आणि गंजीच्या तळाशी बुरशी आली. याचा मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) करावा का?
– एक वाचक, सिन्नर (जि. नाशिक)

उत्तर : घासाचे पान लवकर वाळते आणि देठ मागे राहतो, त्यामुळे पाला चुरा होण्याइतका कोरडा झाला तरी काडीत ओल शिल्लक असू शकते, आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ तेथेच आहे. बहुतेक प्रथिने पानांत असल्याने पाला झडला की हाती केवळ काड्या उरतात.

साधारण 10 टक्के फुलोरा दिसताच, दव ओसरल्यावर कापणी करावी, घास पातळ पसरून कोमेजू द्यावा आणि त्यानंतर लहान, सैल ढिगांत किंवा सावलीत वाळवावा. उलथापालथ सकाळी, पान किंचित नरम असतानाच करावी. भर दुपारी घासाला हात लावू नये. काडी पिळल्यावर ओल जाणवेनाशी झाली, म्हणजे ओलावा सुमारे 15 टक्क्यांवर आला, की विटा-फळ्यांवर गंज रचावी. ओलसर गंज आतून तापते, प्रसंगी पेटही घेते.

आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत दव पुष्कळ असते, म्हणून तेव्हाचा घास हिरवाच, कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यावा, कारण उपाशी पोटी नुसता कोवळा घास खाल्ल्यास पोटफुगी होते. वाळवणीसाठी फेब्रुवारी-मार्चच्या कापण्या राखाव्यात. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर कापणी पुढे ढकलावी.

एकट्या घासाचा मुरघास आम्ही सुचवणार नाही. त्यात साखर कमी आणि प्रथिने जास्त असल्याने आंबटपणा पुरेसा वाढत नाही आणि चारा कुजतो. मुरघास मक्याचाच करावा. जून-जुलैत ‘आफ्रिकन टॉल’ ही चाऱ्याच्या मक्याची जात पेरून कणसातील दाणे दुधाळ अवस्था ओलांडून घट्ट होऊ लागताच कापावा, बारीक कुट्टी करून खड्ड्यात किंवा बॅगेत थर दाबत भरावा आणि हवाबंद करावा. सुमारे दीड महिन्यात तो तयार होतो, आणि न उघडल्यास मेपर्यंत सहज टिकतो. मक्याला भाव असला की कणसे विकून उरलेल्या ताटांचा मुरघास करण्याचा मोह होतो, परंतु दाण्यांतील ऊर्जा गेल्यावर ती उणीव खुराकातूनच भरून काढावी लागते.

बुरशी लागलेला घास गाभण गाईंना तर नाहीच, भाकड जनावरांनाही घालू नये. तो उकिरड्यावर टाकावा.