‘वेडा महंमद’ वर्गात शिकवताना

प्रश्न : मी खुलताबाद तालुक्यातील एका शाळेत इतिहास शिकवते. मुलांना दौलताबादचा किल्ला दाखवून आणल्यावर एकाने विचारले, “बाई, राजधानी हलवणारा महंमद तुघलक खरेच वेडा होता का?” लेखकांची मते वेगवेगळी असतात, असे मी सांगताच दुसरा म्हणाला, “मग पुस्तकातले खोटेच की!” लेखकाचा पूर्वग्रह ओळखायला शिकवावे आणि तरीही मुलांचा इतिहासावरचा विश्वास उडू नये, हे कसे साधावे?

उत्तर : ‘मते वेगवेगळी असतात’ हे खरे असले तरी तेवढ्यावर थांबले, की मुले सगळेच सोडून देतात. त्याऐवजी कोण, केव्हा आणि कोणाच्या आश्रयाने लिहीत होता, हे त्यांच्यासमोर मांडावे. राजधानी १३२७ च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादला हलली. तिच्याविषयी लिहिणारा इतिहासकार बरनी या सुलतानाच्या दरबारात अनेक वर्षे वावरलेला होता, पण त्याने लिहिले ते पुढचा सुलतान फिरोजशहा याच्या काळात, म्हातारपणी आणि मर्जीतून उतरल्यावर. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीत पोचला तोच मुळी काही वर्षांनंतर. त्यामुळे आंधळ्या माणसाला फरफटत नेले आणि दौलताबादेस त्याचा फक्त पाय पोचला, ही त्याची प्रसिद्ध कथा ऐकीव आहे. तिसरा लेखक इसामी याच्या घराला मात्र या स्थलांतराची प्रत्यक्ष झळ बसली होती, कारण त्याचे वृद्ध आजोबा वाटेतच वारले. पुढे त्याने ग्रंथ रचला तो बहामनी सुलतानाच्या पदरी राहून, म्हणजे तुघलकाविरुद्धच्या बंडातून १३४७ मध्ये दौलताबादेतच गादीवर बसलेल्या राजाच्या आश्रयाने.

आता फळ्यावर बरनीचे एकच विधान लिहावे : दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही. त्याच्याशेजारी, दिल्ली परिसरात १३२७ आणि १३२८ या वर्षांचे संस्कृत शिलालेख सापडले आहेत, ही माहिती द्यावी. ओसाड गावात शिलालेख कोण कोरून घेईल, असे एखादे मूल आपणहून विचारेल. न विचारल्यास आपण विचारावे. यातून अतिशयोक्ती कोठे सुरू होते, हे मुलांना दिसते. पण लोकांना हलवले गेले आणि त्यांचे हाल झाले, याबाबत तिघांचेही एकमत आहे, हेही त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. कारणांवर मात्र एकमत नाही. राज्याच्या मध्यावरची जागा हवी होती, असे बरनी सांगतो, तर दिल्लीकरांना शिक्षा करायची होती, असे इब्न बतूता म्हणतो. घटना आणि तिचा अन्वयार्थ यांतील फरक मुलांना येथे व्याख्येवाचून कळतो.

एक धोका मात्र आहे. लेखकाचा हेतू शोधण्याची मुलांना एकदा गोडी लागली, की ‘तो सुलतानाचा वैरी, म्हणून त्याचे सगळे खोटे’ असा निकाल ती झटकन देतात. (मोठी माणसे तर लेखकाची जात किंवा धर्म पाहूनच पुरावा निकालात काढतात.) इसामीचा सुलतानावर राग होता म्हणून त्याच्या आजोबांचा मृत्यू खोटा ठरत नाही, आणि आजोबा वारले म्हणून त्याने सांगितलेले सुलतानाचे हेतूही आपोआप खरे ठरत नाहीत.

आपल्या तालुक्याचा तर या घटनेशी थेट संबंध आहे. खुलताबादेत ज्यांचा दर्गा आहे ते सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब याच स्थलांतरात दख्खनमध्ये आले. दिल्लीच्या बाजूने ज्याला मूर्खपणा म्हटले गेले, त्याच निर्णयाने दख्खनमध्ये सूफी परंपरा रुजण्यास मोठा हातभार लावला, हे मुलांना त्यांच्याच गावात दाखवता येते. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त घरातील वृद्धांच्या १९४८ च्या आठवणी लिहून आणायला सांगतानाही हीच पद्धत वापरावी, पण कोणाच्या आजोबांचे खरे, असा वाद वर्गात होऊ देऊ नये.

परीक्षेत काय लिहावे, असे मुले नक्की विचारतील. पाठ्यपुस्तकातील उत्तरच लिहावे. फक्त जेथे मत आहे तेथे ‘बरनीच्या मते’ हे दोन शब्द आधी जोडावेत. त्यासाठी कोणी गुण कापणार नाही.