आलेख जुळला, पुढे काय?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा आलेख, दोन्ही मिळालं. काळे ठिपके म्हणजे रोजचे रुग्ण, लाल रेघ म्हणजे तुझं साथीचं गणिती मॉडेल, आणि ती रेघ ठिपक्यांवरून अशी गेली आहे की ठिपके तिच्यासाठीच मांडले असावेत. खाली तू लिहिलंस, ‘सर, जमलं!’ मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग फाइल उघडली. सात पॅरामीटर, म्हणजे मॉडेलमध्ये आपण भरायचे आकडे, आणि त्यातल्या चारांच्या किमती तू रेघ जुळेपर्यंत हलवत राहिली आहेस. एवढी मोकळीक दिली तर रेघ कशावरही बसते. म्हणून हे लांबलचक पत्र.

आपल्या विषयातला सगळ्यात नावाजलेला आलेखच घे. 1927 साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी तो निबंध लिहिला, ज्यातून आपण सगळे एसआयआर मॉडेल शिकतो: लोकसंख्येचे तीन कप्पे, संसर्ग होऊ शकेल असे, सध्या बाधित असलेले आणि त्यातून बाहेर पडलेले. मॅकेंड्रिक डॉक्टर, हिंदुस्थानात नोकरी केलेला. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, 1924 साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी गेली होती. म्हणजे ही विकलक (डिफरन्शियल) समीकरणं त्यानं मनातल्या मनात सोडवली. (मला गणित अवघड वाटायला लागलं की मी हे आठवतो आणि गप्प बसतो.) निबंधात खऱ्या साथीचा आलेख एकच आहे: मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू, 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906, आठवड्यागणिक. घंटेच्या आकाराची रेघ, ठिपक्यांवर सुरेख बसलेली. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ती पाहिली आणि मान डोलावली.

आता जरा थांबून विचार कर. मॉडेल म्हणतं की संसर्ग होऊ शकेल अशी माणसं कमी कमी होत गेली म्हणून साथ ओसरली. पण मुंबईत प्लेग 1896 मध्ये आला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ठरावीक ऋतूत वर चढायचा, ठरावीक ऋतूत उतरायचा. शिवाय गाठीचा प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदीर मेले की त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणजे रेघ खाली येण्यामागे ऋतू आहे, पिसवा आहेत, उंदीर आहेत, आणि समीकरणात यातलं काहीच नाही. तरी रेघ बसली! लेखकांनी हे लपवलेलं नाही. आपली गृहीतकं इथे काटेकोरपणे लागू पडत नाहीत आणि समीकरणातले आकडे फार ढोबळ आहेत, असं त्यांनी तिथेच लिहून ठेवलंय. ते वाक्य कोणी वाचत नाही, आलेख मात्र सगळे बघतात.

तुझ्या आलेखाबद्दल माझी शंका नेमकी हीच आहे. चुकीच्या कारणानंही रेघ बरोबर येते. आणि कारण चुकलं असेल तर उपायही चुकतो. मुंबईची ती रेघ खरी मानून कोणी म्हणालं असतं, ‘आता बरीच माणसं सुरक्षित झाली, पुढच्या वर्षी काळजी नाही,’ तर पुढच्या हंगामात काय झालं असतं, तूच सांग.

मग मॉडेल कशासाठी? मला विचारशील तर दोन-तीन दोऱ्यांपैकी कुठली ओढली की सगळ्यात जास्त हलतं, हे कळण्यासाठी. याचं माझं लाडकं उदाहरण हिवतापाचं आहे. हे तू कागद-पेन्सिल घेऊन कर, संगणक बंद ठेव.

रोनाल्ड रॉस यानं 1897 साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधला, 1902 मध्ये नोबेल मिळवलं, आणि मग तो समीकरणांच्या मागे लागला. कारण लोक त्याला म्हणत, ‘सगळे डास मारणं शक्यच नाही, मग थोडे मारून काय उपयोग?’ त्यानं गणितानं दाखवलं की सगळे मारायची गरज नाही. डासांचं प्रमाण एका मर्यादेखाली नेलं की रोग स्वतःला टिकवू शकत नाही. आपल्या विषयातली उंबरठ्याची कल्पना इथून आली. आर नॉट एकाच्या खाली आणायचा, म्हणजे एका रुग्णामागे सरासरी एकाहून कमी नवा रुग्ण, ही तीच कल्पना.

पुढे 1950 च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यानं त्यात एक बारीक गोष्ट पाहिली. परजीवी डासात शिरला की दुसऱ्या माणसाला देण्याजोगा व्हायला तापमानानुसार साधारण 10 दिवस किंवा जास्त लागतात. तेवढे दिवस डास जगला तरच तो धोक्याचा. समज, डास आजचा दिवस काढून उद्या जिवंत असण्याची शक्यता 0.9 आहे. 10 दिवस जगण्याची शक्यता म्हणजे 0.9 चा दहावा घात, साधारण 0.35. शंभरातले 35 डास. आता ती रोजची शक्यता 0.8 कर. दहावा घात 0.107, शंभरातले जेमतेम 11. आणि 10 दिवसांनंतर उरणारं आयुष्यही हिशेबात धरलंस तर डासांची रोग पसरवण्याची क्षमता जवळपास सातपट घटते. याच्याशी तुलना कर: अळ्या मारून डासांची संख्या निम्मी केली तर ती क्षमता निम्मीच होते. म्हणूनच रक्त पिऊन भिंतीवर विसावणाऱ्या मादीला मारणारी फवारणी इतकी परिणामकारक ठरली. हे उत्तर नुसत्या अनुभवातून मिळालं नसतं. डबक्यात वळवळणाऱ्या अळ्या डोळ्यांना दिसतात, दहावा घात दिसत नाही. (हेच गणित हाताशी असताना 1955 मध्ये सुरू झालेली हिवतापाच्या जागतिक निर्मूलनाची मोहीम 1969 मध्ये आवरती घ्यावी लागली. त्याची कारणं अनेक, त्यातलं एक म्हणजे डास कीटकनाशकाला दाद देईनासे झाले. समीकरणातला 0.8 तसाच राहील असं डासांनी कबूल केलं नव्हतं.)

या हिशेबात कुठेही ‘अमुक तारखेला इतके रुग्ण’ असं नाही, हेही बघून ठेव.

कधी कधी मॉडेल आपल्याला अडवतंही, आणि ते काम मला जास्त मोलाचं वाटतं. रुबेला घे. लहानपणी झाला तर अंगावर पुरळ, थोडा ताप, संपलं. गरोदरपणाच्या सुरुवातीला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांना इजा. समज, आयुर्मान 60 वर्षं आणि आर नॉट 6. संसर्गाचं सरासरी वय ढोबळमानानं 60 भागिले 6, म्हणजे 10 वर्षं. शंभर जन्मांमागे साधारण 83 जणांना कधी ना कधी रोग होतो. आता निम्म्या बाळांना लस दे. रोग होणारे 83 वरून 33 वर आले. टाळ्या! पण विषाणू आता सावकाश फिरतो, उरलेल्यांना तो उशिरा गाठतो. सरासरी वय 60 भागिले 3, म्हणजे 20. रुग्ण निम्म्याहून कमी झाले आणि जे उरले ते नेमके आई होण्याच्या वयात सरकले. हे कागदावरचं भय नाही. ग्रीसमध्ये 1975 च्या सुमारास लस सुरू झाली, 1980 च्या दशकात ती निम्म्याहून कमी मुलांपर्यंत पोचत होती, आणि 1993 मध्ये तिथे जन्मजात रुबेला झालेल्या बाळांची साथ आली. लस वाईट नव्हती, अर्धवट होती. असा प्रश्न तुझ्यासमोर आला तर ‘किती टक्क्यांच्या खाली सुरूच करू नये’ आणि ‘मोठ्या मुलींनाही द्यावी का’ हे मॉडेलला विचार.

भाकितांबद्दल तू विचारलंस. जपून. 2014 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं इबोलाचा अंदाज दिला: काहीच जादा उपाय केले नाहीत तर लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये 20 जानेवारी 2015 पर्यंत, न नोंदलेले धरून, 14 लाख रुग्ण. पश्चिम आफ्रिकेतली ती साथ संपली तेव्हा एकूण आकडा साधारण 28,600 होता, मृत्यू 11,300 च्या वर. लोक हसले. त्याच निबंधात दुसरा आकडा होता, तो फारसा कोणाला आठवत नाही: साधारण 70 टक्के रुग्ण उपचार केंद्रात किंवा संसर्ग कमी होईल अशा व्यवस्थेत ठेवता आले तर साथ उतरणीला लागेल. एक आकडा बातमीसाठी निघाला, दुसरा कामाचा होता. ‘काहीच केलं नाही तर’ हे शब्द बातमीत पहिल्यांदा गळतात, हे गृहीत धरूनच लिहायला शीक. आणि माणसं काहीच न करता बसत नाहीत. शेजारी मृत्यू झाला की सरकारी हुकमाची वाट न बघता ती आपणहून वागणं बदलतात. तुझ्या मॉडेलमध्ये मात्र संपर्काचा दर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच आहे.

सरासरीवरही फार विसंबू नकोस. 2003 च्या सार्समध्ये बहुतेक रुग्णांनी कोणालाच रोग दिला नाही, मोजक्यांनी भरपूर जणांना दिला. एका रुग्णामागे सरासरी 3 नवे रुग्ण आणि विषमता सार्सइतकी असेल तर एका रुग्णापासून सुरू झालेली साखळी चारातल्या तीन वेळा आपोआप विझते, चौथ्या वेळी भडकते. तुझी गुळगुळीत लाल रेघ हे कधीच सांगणार नाही. एकाच रुग्णापासून दोनशे वेळा मॉडेल चालव आणि दोनशेच्या दोनशे रेघा काढ.

आता माझी फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बैठकीत मी आलेख मांडला. शेवटचे पाच दिवस रेघ खाली. मी म्हणालो, शिखर मागे पडलं. समोरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, ‘मग जादा खाटा परत पाठवू?’ मी मान हलवली. साथ उतरलीच नव्हती. त्या पाच दिवसांचे बरेचसे अहवाल प्रयोगशाळेतून यायचे बाकी होते, एवढंच. दोन आठवड्यांनी खाटा पुन्हा मागवाव्या लागल्या, आणि मधले दिवस रुग्ण बाकांवर झोपले. ते बाक मला अजून आठवतात. तेव्हापासून कुठल्याही आकड्याला मी आधी विचारतो: ही तारीख कसली? लक्षणं सुरू झाल्याची, नमुना घेतल्याची, की अहवाल आल्याची?

नंतर एकदा मूळ नोंदवही बघायला गेलो. लक्षणांच्या तारखांच्या रकान्यात सलग अठरा ओळी एकाच शाईत, एकाच हातानं, एकच तारीख. लिहिणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘रुग्णाला आठवत नसलं की मी आदल्या दिवसाची घालते, रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही.’ त्यांची काही चूक नव्हती. माझ्या मॉडेलमधला लक्षणांपासून तपासणीपर्यंतचा ‘सरासरी एक दिवस’ मात्र त्या रकान्यातून जन्मला होता. तू अशी वही एकदा तरी हातात घे, आणि लिहिणाऱ्याशी बोल. अर्धा दिवस जाईल.

समूह प्रतिकारशक्तीबद्दल एकच वाक्य तुझ्या मसुद्यातून काढायला सांगतो: ‘निम्म्या लोकांना संसर्ग झाला की साथ थांबेल.’ आर नॉट 2 असेल तर निम्म्यावर साथ शिखरावर असते, थांबलेली नसते. त्या क्षणी जे बाधित आहेत ते पुढेही रोग देतच राहतात, आणि साथ मोकळी सोडली तर शेवटी 80 टक्क्यांच्या आसपास लोक बाधित होतात. तुझंच मॉडेल चालवून बघ, तेही हेच सांगेल.

तर आता फाइलकडे वळ. सातापैकी ज्या दोन पॅरामीटरना तू ‘सुधारणा’ असं नाव दिलंयस ते काढून टाक. कशाची सुधारणा हे तुलाही सांगता येणार नाही असा माझा अंदाज आहे. शेवटचे दहा ठिपके झाकून ठेव, उरलेल्यांवर रेघ बसव, मग झाकलेले उघड. रेघ कितीही वाकडी आली तरी मला तशीच पाठव, सुधारून नको. आणि दवाखान्यात पोचेपर्यंतचे दिवस तू 2 धरलेत, ते 4 करून बघ. त्यानं तुझा निष्कर्ष उलटत असेल तर आधी तो आकडा कुठून आणलास ते शोधायला लागू. मी गुरुवारनंतर मोकळा आहे, फोन कर.